राखराजाला माफी

"राखराजाला आता सुधारायचंय," संपादकबाई फोनवर म्हणाल्या. "दिवाळीपर्यंत त्याला चांगला करा."

गळका नळ दुरुस्त करून द्या म्हणावं, तो सूर.

मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटला राहते आणि मोबाइलवर ऐकायच्या गोष्टींच्या एका ॲपसाठी मराठीत मालिका लिहिते. जादूच्या, राक्षसांच्या, शापित राज्यांच्या. संपादकबाई पुण्याच्या, आम्ही एकमेकींना कधी पाहिलेलं नाही. माझी शाळा हिंदी, घरातली बोली वैदर्भी, आणि पुस्तकी मराठी मी शिकले ती वडील नागपूरहून आणायचे त्या पुस्तकांवर. माझ्या लिहिण्यात 'मला'च्या जागी 'मले' नि 'का'च्या जागी 'काहून' शिरलं की संपादकबाई ते तांदळातल्या खड्यांसारखं वेचून टाकतात. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती राखराजावरून.

राखराजा माझ्या मालिकेतला खलनायक. तो गावं जाळायचा, पण जाळून थांबायचा नाही. जे वाचले त्यांना आपापल्या घराची राख ओंजळीत भरून त्याच्या महालापर्यंत वाहायला लावायचा. तो महाल मी हट्ट्याच्या बावलीवरून, तिथल्या जुन्या पायऱ्यांच्या विहिरीवरून, उचलला होता. पायऱ्या उतरत जाव्यात आणि दर मजल्याला उजेड कमी होत जावा, तसा. राखेचा त्याला काही उपयोग नव्हता. लोक वाकलेले पाहायला आवडायचं, एवढंच. शेवटी वीटभट्टीवरची एक मुलगी त्याला त्याच महालाच्या तळाशी गाडणार, असं मी पहिला भाग लिहितानाच ठरवलं होतं.

पण त्याला आवाज देणारा नट निघाला खर्जातला. ऐकणाऱ्यांना तो आवाज भलताच आवडला. भागाखाली लोक लिहायला लागले. 'राखराजा, माझ्याशी लग्न कर.' 'याचं दुःख कुणालाच का दिसत नाही?' ज्या भागात त्याने एक अख्खं गाव बाळांसकट जाळलं, त्याच्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'आज त्याचा आवाज किती थकलेला वाटला. काळजी घे रे.'

"त्याला एक लहानपण द्या," संपादकबाई सांगत होत्या. "आई लवकर गेलेली, बापाने टाकलेला. मग एक निरागस मूल येतं, राखराजा त्याला आगीतून वाचवतो, रडतो. नायिका त्याचा हात हातात घेते. संपलं."

"आणि जाळलेली गावं?"

"ती मागे राहतात हो. कथा पुढे जाते."

"तिथल्या लोकांना कुणी विचारणार नाही का, माफ करता का म्हणून?"

त्या हसल्या. "अहो, परीकथा आहे. एवढं मनाला लावून घेऊ नका. आणि मला वाटलं होतं, तुम्ही बौद्ध. करुणा तुम्हाला जास्त जवळची असेल."

मी फोन ठेवला. करुणा मागायची वेळ आली की लोकांना बरोबर आमचाच पत्ता सापडतो.

राखराजा मला कुठे सापडला ते संपादकबाईंना मी कधी सांगितलं नव्हतं. तो मला शाळेत सापडला.

मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. माझी बाई आठवीत होती आणि मी सहावीत. वडील भरवेलीच्या मॅंगनीज खाणीत कामाला होते, सायकलने जायचे. आम्ही शहरातल्या आमच्या समाजाच्या वार्डात राहायचो आणि जवळच्याच शाळेत जायचो. थंडीचे दिवस होते. एक मास्तर रजेवर होते म्हणून आमचा आणि आठवीचा वर्ग एकाच खोलीत बसवला होता. शिकवायला होते ते आठवीचे गुरुजी. तेव्हा आम्ही त्यांना अहो-जाहो करायचो. इथे मी त्याला एकेरी लिहिते आहे, आणि मुद्दाम लिहिते आहे.

पुढच्या रांगेत एका ठेकेदाराचा मुलगा बसायचा. कुठल्याशा लग्नात खाऊन आला होता. धडा चालू असताना तो उठून उभा राहिला आणि फरशीवर भडाभडा ओकला. पिवळं, आंबूस, त्यात जिलबीचे तुकडे. पोरं ओरडत मागे सरली. गुरुजीने नाकाला रुमाल लावला. दारात चपराशी उभा होता. गुरुजीची नजर त्याच्यावरून गेली, पुढच्या रांगेवरून गेली, मधल्या रांगांवरून गेली आणि मागे येऊन थांबली. मागे आमच्या वार्डातली पोरं बसायची. तीच आमची जागा होती, त्यानेच ठरवून दिलेली.

"ए, तू. उठ. राख ला और साफ कर."

बाईला आधी कळलंच नाही. "मैं, सर?"

"और कौन? तुम लोगों को तो आदत होगी. समझे?"

'समझे' हा शब्द त्याच्या प्रत्येक वाक्याच्या शेपटीला असायचा. वर्ग हसला. बाई बाहेर गेली आणि जिथे पोरांचं जेवण शिजायचं त्या चुलीतली राख घमेल्यात घेऊन आली. तिने राख पसरली आणि खरडायला पुठ्ठा मागितला. गुरुजी म्हणाला, "हाथ में मेहंदी लगी है क्या?"

बाईने ते हाताने गोळा केलं. वाकल्यावर तिची वेणी पुढे आली आणि रिबीन त्यात भिजली. घमेलं घेऊन ती बाहेर गेली, परत आली, उरलेलं पुन्हा गोळा केलं. तोवर ठेकेदाराचा मुलगा गुरुजीच्या खुर्चीत बसून पाणी पीत होता. हात धुवायला बाई माठाकडे निघाली तर गुरुजीने तिला थांबवलं आणि दुसऱ्या एका मुलीला सांगितलं, तू वरून पाणी ओत, हिला गडव्याला हात लावू देऊ नको.

दुसऱ्या दिवशी बाई शाळेत गेली नाही. नंतरही कधी गेली नाही. वडील एकदा खाणीतून थेट शाळेत गेले. गुरुजीने त्यांना खुर्ची दिली, भाऊ म्हटलं आणि म्हणाला, "पोरीची जात आहे भाऊ, काम शिकली तं बिघडलं काय?" वडील घरी येऊन आईला तेच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत राहिले. 'पोरीची जात' हे सगळेच म्हणतात. त्या शब्दाआड तो असा काही लपला होता की वडिलांना त्याला बाहेर ओढताच आलं नाही.

बाई शिवण शिकली. आज आमच्या गल्लीत पुढच्या खोलीत तिचं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे आणि लग्नसराईत तिला जेवायलाही फुरसत नसते. तिला दोन मुलं झाली. त्यांच्या सगळ्या आजारपणांत ती जागली, पण मूल ओकलं की ती भिंतीला टेकून उभी राहायची आणि हाक मारून मला बोलवायची. यावर आम्ही कधी बोललो नाही.

बाईच्या गिऱ्हाइकांत किरनापूरची एक तरुण सून होती. ती रोज बसने बालाघाटला नोकरीला यायची आणि येता-जाता ब्लाऊज टाकायची. बाईने कधीतरी कौतुकाने तिला सांगितलं की राखराजा माझी बहीण लिहिते. ती उडालीच.

"माझे सासरे दिवसभर तेच ऐकतात," ती मला म्हणाली. "त्यांचे डोळे गेले, एक बाजू लुळी पडली. मोबाइल छातीवर ठेवून पडले राहतात. तुम्ही एकदा भेटल्या तं लई खूश होतील. चला न दीदी."

मला बरं वाटलं. लिहिणाऱ्या माणसाला एवढं पुरतं. एका रविवारी मी स्कूटी घेऊन किरनापूरला गेले. पलंगावर एक म्हातारा पडला होता, तोंड एका बाजूला ओढलेलं. मी त्याला ओळखलं नाही. मग तो बोलला.

"या, या. तुम्हीच का त्या? आवाज तं कोवळा आहे. मले वाटलं मोठ्या वयाच्या असान. समजलं?"

भाषा बदलली होती, वाक्याची शेपटी तीच होती. सुनेने चहा आणला, घरातल्या सगळ्यांसाठी होते तसल्याच कपात. मी कप हातात घेऊन बसले.

"मी मास्तर होतो," तो म्हणाला. "लई पोरं शिकवली. आज कोणी साहेब आहे, कोणी दुबईत आहे. एकालेही नाहक दुखवलं नाही. समजलं? आता तुमचा राजा ऐकतो. बेटा, त्याले मारू नका."

"काहून?"

"त्याच्या मनात पाप नाही. त्याले कोणी मायाच नाही लावली. माणूस वाईट नसते, वेळ वाईट असते." आणि तो रडायला लागला. खरे अश्रू. ओढलेल्या ओठातून लाळ गळत होती, सून ती रुमालाने टिपत होती. लाळेची मला किळस नव्हती. म्हातारपणी ती कुणाच्याही वाट्याला येते. किळस आली ती त्या रडण्याची. एका खोट्या राजासाठी त्याच्याकडे इतकं पाणी होतं!

"गुरुजी, ज्यांची घरं राजाने जाळली त्यांचं काय?"

"ते तं गोष्टीतले लोक आहेत."

"राजाही गोष्टीतलाच आहे."

"नाही, नाही. तो मले खरा वाटते."

मग मी कप खाली ठेवला आणि त्याला सांगितलं. शाळा सांगितली, ओकारी सांगितली, राख, हात, वरून ओतलेलं पाणी. सून दारात थबकून ऐकत होती. म्हाताऱ्याचा हात माझ्या मनगटावर होता. तो डोळे मिटून ऐकत राहिला.

"असं झालं असन," तो शेवटी म्हणाला. "मले आठवत नाही. तेव्हा तसंच चाले. कोण्या वार्डातली तू?"

मी सांगितलं. त्याने माझ्या मनगटावरचा हात उचलला. रुमाल हवा असेल कदाचित. त्याने रुमालच घेतला. पण मी ते मनगट घरी येईपर्यंत हँडलवर घासत होते.

"मंग मले माफ कर बेटा," तो म्हणाला. पाण्याचा गिलास मागावा तसं. आणि लगेच विचारलं, "केलं का?"

"माझ्याकडे काय मागता? माझ्या बहिणीला लावलं होतं तुम्ही."

"तं तिले घेऊन ये न. तिच्याकडूनही घेऊन टाकतो. राजाले माफी भेटते तं मले काहून नाही भेटणार?"

घेऊन टाकतो! रेशन घेऊन टाकावं तसं. मी उठले. सुनेने फाटकापर्यंत येऊन माझा हात धरला, आणि मला तिच्यावर ओरडता आलं नाही.

बाईला सांगावं की नाही, हे मला कळत नव्हतं. शेवटी सांगितलं. ती ब्लाऊजला हुक लावत होती. तिने मान वर केली नाही.

"जिता आहे तो?"

"हौ."

"त्याले आठवते?"

"नाही म्हणते."

बाईने दोरा दाताने तोडला. "मले आठवते आन त्याले आठवत नाही. मंग माफ कोणाले करू? पलंगाले?"

मला हसू आलं नाही. तिलाही नाही. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "तुझ्या राजाचं काय करून राह्यली तू?"

"मारणार आहो. ॲपवाले नाही म्हणून राह्यले."

"मारू नको," बाई म्हणाली. मी तिच्याकडे बघतच राहिले. "मेला तं सुटला. त्याच्या हातात खराटा दे. ज्याचं घर जाळलं त्याच्या दारी जाऊ दे, झाडू दे. आन पाहायले कोणी ठेवू नको तिथं. पाहणारे असले की माणूस नाटक करते."

मी तसे भाग लिहिले. इतक्या झपाट्याने मी कधी लिहिलं नव्हतं. राखराजाची जादू जाते आणि तो पहिल्या जाळलेल्या गावात येतो. एक म्हातारी वाचलेली आहे, ती त्याच्याशी बोलत नाही. तो राख झाडायला लागतो, पण त्याला कळत नाही की झाडायचं काय आणि ठेवायचं काय. म्हणून त्याला विचारावं लागतं. इथे काय होतं? म्हातारी सांगते, इथे पाळणा होता. आणि इथे? इथे माझा लेक निजायचा. प्रत्येक हात मारण्याआधी त्याला विचारावं लागतं आणि ऐकावं लागतं. गाव झाडून होतं. म्हातारी दार लावून घेते. तो पुढच्या गावाला निघतो. त्याला एक वाट मिळते, लांबलचक, आणि त्या वाटेवर टाळी वाजवायला कुणी नसतं. मला वाटलं, खलनायकाला संधी द्यायचीच असेल तर ती अशी.

संपादकबाईंचा फोन आला. "भाषा सुंदर आहे. पण हे काय? कुणीच माफ करत नाही?"

"अजून तरी नाही."

"मग त्याला मिळालं काय?"

"काम."

त्या म्हणाल्या, "ऐकणाऱ्यांना रडायचं असतं हो. रडून मोकळं व्हायचं असतं. तुम्ही त्यांना मोकळं होऊच देत नाही."

मालिकेचा शेवट त्यांनी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतला. मी तो ऐकला, दाताखाली खडा आला तरी घास गिळावा तसा. बासरी, आगीत अडकलेलं मूल, राखराजाच्या आईचं स्वप्न. वीटभट्टीवरची माझी मुलगी, जिचा बाप त्याने जाळला होता, ती गुडघ्यांवर बसते आणि म्हणते, 'तू वाईट नव्हतास, तू एकटा होतास.' तिच्या तोंडात हे घालताना लिहिणाऱ्याचा हात कसा अडखळला नाही? खाली रडण्याच्या चिन्हांची रांग लागली होती. 'आज खूप हलकं वाटलं.' 'माफ करणाराच मोठा.' हलकं त्यांना वाटलं. गावं जळाली कुणाची, आणि हलकं कुणाला वाटलं! मी ॲप मोबाइलवरून काढून टाकलं आणि संपादकबाईंना कळवलं की पुढची मालिका मी लिहिणार नाही.

किरनापूरची सून त्यानंतर दुकानात आली तेव्हा मी तिथेच होते. ती बसली नाही. पिशवी पोटाशी धरून उभी राहिली.

"सासरे सगळ्यांले सांगत राह्यतात," ती बाईला म्हणाली, "राजाले माफी भेटली, आता माझी बारी. तुमची वाट पाहतात. मी त्यांचं बोलणं घेऊन नाही आली दीदी. फक्त एक गोष्ट सांगायची होती. त्यांले तो पोरगा आठवला."

"कोणता पोरगा?" बाईने विचारलं.

"जो ओकला होता. त्याचं नाव आठवलं, त्याच्या बापाचं नाव आठवलं. तुम्ही नाही आठवल्या."

बाईने मशीन थांबवली. "हौ," ती म्हणाली. "पोरगा तं आठवनच." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "रविवारी स्कूटी काढजो."

मी तिला अडवलं. त्या घरात तिने पाय ठेवू नये असं मला मनापासून वाटत होतं. तो पुन्हा रडेल, हात जोडेल, आणि बाईच्या चांगुलपणाचा तुकडा तोडून खाईल, ही मला धास्ती होती. बाईने ऐकलं नाही.

दुपार होती. म्हातारा उशांना टेकून बसला होता, बाजूला त्याचा मुलगा. बाई खुर्चीवर बसली नाही, पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली.

"ओळखलं का?"

"कोण आहे?"

"जिले ओकारी पुसायले लावली, ते."

त्याने हात जोडायचा प्रयत्न केला. एकच हात उचलला गेला. "माफ कर बेटा. तुझीच वाट पाहून राह्यलो होतो."

"थांबा. आधी सांगा, काय केलतं तुम्ही?"

"तुझ्या बहिणीनं सांगितलं न सगळं..."

"तिनं नाही केलतं. तुम्ही केलतं. तुम्ही सांगा."

मुलगा उठला. "दीदी, बाबूजी बिमार आहेत. हे काय कोर्ट आहे का?"

"बोलू द्या त्यांले," सून दारातून म्हणाली. इतक्या शांतपणे की नवरा परत बसला.

म्हाताऱ्याने ओठ चाटले. "पोरगा ओकला होता. ठेकेदाराचा."

"मंग?"

"मंग साफ करायले सांगितलं."

"कोणाले?"

"तुले."

"कायनं?"

"राखेनं." थांबला. "हातानं."

"चपराशी कुठी होता तेव्हा?"

त्याने चादरीची कड चाचपली. मग म्हणाला, "दारात होता."

चपराशी दारात होता, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. मी मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. त्यांना यातलं काही कळलं नव्हतं. बाईला कळलं. तिची मान किंचित हलली.

"चपराशी दारात होता," ती म्हणाली, "मंग मले काहून?"

"तू मागं बसली होती."

"मागं कोणं बसवलं?"

"म्या."

"काहून?"

तो रडायला लागला, तसाच, राजासाठी रडला होता तसा. बाई थांबली. तिने त्याला पाणी विचारलं नाही, समजूत घातली नाही. टाके घालताना दोरा संपला की नवा ओवेपर्यंत थांबते, तशी थांबली. रडणं आपोआप ओसरलं, कारण त्याला पुढे नेणारं तिथे कुणी नव्हतं. आणि मग त्याने आमच्या जातीचं जुनं नाव घेतलं. शाळेत तो ते नाव वर्गभर ऐकू जाईल असं घ्यायचा. आता पुटपुटला. "म्हणून," म्हणाला.

मुलगा खाली पाहत होता. सून रडत होती, आवाज न करता. म्हाताऱ्याने चेहरा बाईच्या दिशेने वळवला, पण अंदाज चुकला. तो कपाटाकडे पाहत होता.

"आता झालं का माफ?"

"नाही," बाई म्हणाली. "इतके वर्ष हे माझ्याकडेच होतं. आता तुमच्याकडे बी राहू द्या."

ती चप्पल घालायला बाहेर गेली. मी दोन पावलं मागे राहिले. मला वाटत होतं, त्याचं काहीतरी व्हावं. छत पडावं, निदान त्याने छाती बडवून घ्यावी. काही झालं नाही. त्याने फक्त मोबाइल चाचपला, छातीवर ठेवला, आणि तो चालू केला नाही. बस. माझ्या मनात दया शोधून पाहिली मी, खरंच पाहिली. तिथे आंबूस वासाशिवाय काही नव्हतं. ते नाव घेताना तो खरा बोलला, हे मला कळत होतं. राखराजा सगळ्या भागांत मिळून एकदाही इतकं खरं बोलला नव्हता. तरी माझी किळस तिळभर कमी झाली नाही, आणि ती कमी व्हायलाच हवी असं मला आजही वाटत नाही.

ती सून अजून दुकानात येते. बाई तिचं माप घेते, बाह्यांवरून दोघी वाद घालतात. सासऱ्याचं बाई विचारत नाही. सून आपणहून एकदा म्हणाली, "आता गोष्टी लावा म्हणत नाहीत. पडले राहतात." बाईने ऐकून घेतलं आणि टेप गळ्यात अडकवली. तो सुधारतो आहे की नुसता थकला आहे, मला माहीत नाही. गोष्टीत असतं तर मला ठरवता आलं असतं.

त्या रविवारी परतताना किरनापूरच्या बसस्टँडवर बाईने मला स्कूटी थांबवायला लावली. भूक लागली म्हणाली. टपरीवर गरम आलूबोंडे निघत होते. आम्ही बाकड्यावर बसलो. मी प्लेट नुसती हातात धरून होते. बाईने आपली प्लेट संपवली, हिरवी मिरची कचकन चावली, तिखट लागलं म्हणून डोळे पुसले. मग माझ्या हातातल्या प्लेटकडे पाहिलं.

"तू नाही खात का?"

"नाही."

"दे इकडं," ती म्हणाली, आणि माझेही खाऊन टाकले.